करमाडपर्यंतची चेन

तुमच्या सायकलची चेन उतरली की तुम्ही काय करता? खाली बसता, मागच्या दात्यांवर चेन टेकवता, पायडल फिरवता, काळी बोटं गवताला पुसता आणि निघता. पण ती का उतरली, हे तुम्ही शेवटचं कधी विचारलंत? मी सतरा वर्षांची होईपर्यंत एकदाही विचारलं नव्हतं, आणि वाढले मात्र अशा घरात जिथं सकाळच्या चहात साखर कमी का, यावरही कारणमीमांसा व्हायची.

मला अक्षरओळख पाटीवर झाली नाही, पत्रकांवर झाली. मी वाचलेला पहिला शब्द 'जाहीर' आणि दुसरा 'निषेध'. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेंद्र्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होते आणि उरलेल्या वेळात आमच्या भागातल्या कामगारांची, शेतमजुरांची एक लहानशी संघटना चालवायचे. शहरातल्या क्रांती चौकाजवळच्या छापखान्यातून ते पत्रकांचे गठ्ठे आणायचे आणि मग आमची दोन खोल्यांची पत्र्याची जागा कागदानं भरून जायची. घडी घालायचं काम माझं. कागद अर्धा दुमडायचा, स्टीलच्या ग्लासाच्या बुडानं दाबत न्यायचा, पालथा करायचा. सर्र, टक. सर्र, टक. हा आवाज माझ्या लहानपणाचा आवाज आहे. दुसरा आवाज शेळ्यांचा. आमच्या आज्याकडं मेंढरं होती, ती गेली. आईनं सहा शेळ्या ठेवल्या होत्या आणि भिंतीपलीकडं त्यांचं रवंथ चालू असायचं. एकदा काळ्या शेळीनं किमान वेतनाचं अख्खं पत्रक खाल्लं. आप्पा चिडले. आई म्हणाली, "खाऊ द्या. तिला तरी पोटभर मिळालं."

दर रविवारी सकाळी आमच्या अंगणात बैठक असायची. आप्पा, बोराडेकाका, मंगलमावशी आणि सोळावं लागल्यापासून मी. बोराडेकाका आप्पांबरोबर कारखान्यात होते. त्यांना कुठलाही गंभीर विषय दोन मिनिटांच्या वर सहन व्हायचा नाही. मंगलमावशी गावातल्या अंगणवाडीच्या सेविका, आवाज खणखणीत, चूक दाखवताना समोर कोण आहे ते बघायच्या नाहीत. बैठकीचा नियम असा की कुठलाही प्रश्न चर्चेनं सोडवायचा, शेवटी हात वर करून मत घ्यायचं आणि वहीत ठराव लिहायचा. संघटनेचे प्रश्न तर असायचेच, पण घरचेही असायचे. गोठ्याचं तोंड कुठल्या बाजूला करायचं याचाही ठराव आमच्या वहीत आहे. आई बैठकीत बसायची नाही. तिला चहा करायचा असायचा, भाकरी टाकायच्या असायच्या, येसराच्या आमटीला उकळी आलेली असायची. तिच्या नावापुढं दर वेळी 'तटस्थ' असं लिहिलं जायचं. लिहिणारी मीच होते.

बारावीच्या वर्षी माझी अडचण अशी झाली. कॉलेज करमाडला, गाव करमाडपासून आत आठ किलोमीटर. प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला आणि फाट्यावरची पहिली जीप भरून निघेपर्यंत नऊ वाजायचे. पावसाळ्यात मी चालत गेले. दिवाळीनंतर साडेसहालाही अंधार राहायला लागला, तुरी डोक्याएवढ्या झाल्या, आणि आईनं दारात आडवं उभं राहून सांगितलं की अंधारात तुरीतून पोरगी धाडणार नाही. आप्पांची पाळी सहाची, त्यांची कारखान्याची बस त्याआधीच गेलेली असायची. माझे दिवस बुडायला लागले. शेवटी सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, तीन आठवडे सांभाळून घेतो. त्यानंतरच्या सोमवारपासून एकही प्रॅक्टिकल चुकलं तर हजेरी भरणार नाही आणि परीक्षेला बसता येणार नाही.

घरी आल्यावर आईनं हात पुसत निकाल देऊन टाकला. "माझा भाऊ हाय गंगापूरला. कापूस येचायला त्याला माणूस लागतंच. पोरगी तिथं राहील, पुढच्या साली बाहेरून फॉर्म भरील."

"बाहेरून?" आप्पा म्हणाले. "तिला सायन्स आहे. प्रॅक्टिकल काय कापसात करणार ती?"

"मंग आणा काहीतरी जायला. तीन आठवडं हायेत. त्या सोमवारी पोरगी उजेडात निघून येळेत पोचली तर करमाड, नाय तर गंगापूर. मला लई बोलता येत नाय तुमच्यावानी."

आज मी आईची बाजू समजू शकते. तेव्हा नाही समजली. तेव्हा मला फक्त गंगापूर दिसत होतं, मामाचं ते चांगलं, मायाळू घर, आणि त्यात हळूहळू पुस्तकांवर चढत जाणारी धूळ. मामाची थोरली मुलगी 'एक वर्षासाठी' थांबली होती, ती अजून थांबलेलीच होती.

त्या रविवारी ठराव झाला: समतासाठी, म्हणजे माझ्यासाठी, सायकल उभी करायची. नवी घ्यायचा विषय निघाला नाही; आमच्यात ज्याच्याकडं जे पडून असेल ते आणायचं ठरलं. गोठ्याच्या भिंतीला आप्पांची जुनी फ्रेम टांगलेली होती. काळी, जड, दांड्याची. बाकी भाग कधीचेच याला-त्याला देऊन झाले होते. त्या फ्रेमला आमच्याकडं एक इतिहास होता. याच सायकलवर आप्पांनी पंचक्रोशीत पत्रकं पोचवली होती. आणि ती सायकल आप्पांशिवाय कुणाला चालवता यायची नाही, अशी तिची ख्याती होती. बोराडेकाका एकदा बसले होते, ते पन्नास पावलांवर बाभळीत गेले. हा किस्सा ते स्वतःच सांगायचे. "ती गाडी नेत्यालाच वळते," म्हणायचे, आणि आम्ही सगळे हसायचो.

बोराडेकाकांनी मागचं चाक आणि चेन आणली. त्यांच्या पोराच्या सात गिअरच्या सायकलचं चाक. गिअर काढून टाकले आणि एकच फ्रीव्हील, म्हणजे मागची दात्यांची लहान चकती, तिथं बसवली. मंगलमावशींनी त्यांच्या लेडीज सायकलचं चेनव्हील, म्हणजे पुढची दात्यांची मोठी चकती, त्याला जोडलेले पायडल आणि मधली अ‍ॅक्सल दिली. ही सायकल त्यांनी अंगणवाडीची नोकरी लागली तेव्हा घेतली होती आणि सासरच्यांचा विरोध असताना रोज चालवली होती. देताना त्यांनी चेनव्हील पदरानं पुसलं. पुढचं चाक आणि हँडल शहरातून आलं, रशीदचाचांकडून. आप्पा छापखान्यात गेले की त्यांच्या दुकानात बसायचे. चार सायकलींचे अवयव घेऊन एक सायकल उभी राहिली. बोराडेकाका म्हणाले, "आघाडी सरकार झालंय. बघू किती दिवस टिकतंय."

टिकलं नाही. गावाबाहेर पाझर तलावाच्या भिंतीजवळ एक चढ आहे. तिथं जोर लावला की आधी कर्र-कर्र असा दळल्यासारखा आवाज, मग खट, आणि पाय एकदम रिकामा फिरायचा. मी उतरायचे, चेन बसवायचे, पुन्हा चढायचे, पुन्हा खट. एका सकाळी आठ किलोमीटरमध्ये चेन अकरा वेळा उतरली. मी पोचले तेव्हा प्रॅक्टिकल संपून परीक्षानळ्या धुणं चाललं होतं. हात कोपरापर्यंत काळे. एक मुलगी म्हणाली, "गॅरेज टाकलंस का गं?"

रविवारी विषय बैठकीत आला. प्रत्येकानं अभ्यासपूर्ण मत मांडलं. दोष कशात आहे? हात वर करा. चेनच्या विरोधात तीन मतं पडली. आणि इथं एक गंमत झाली, जी पुढं महागात पडली: आमचं मत थोडं खरं निघालं. गिअरच्या सायकलची चेन अरुंद असते आणि साध्या चेनव्हीलचे दाते जाड. ती दात्यांत पूर्ण बसतच नव्हती, वर तरंगत होती. रुंद चेन घातली आणि अकराच्या ठिकाणी चेन पाच वेळा उतरायला लागली. बैठकीचा स्वतःवरचा विश्वास वाढला. दुसऱ्या रविवारी आम्ही त्याच जोमानं दुसरा आरोपी शोधला. चेन उतरते ती पुढच्या बाजूला, म्हणजे चेनव्हील वाकडं. म्हणजे मंगलमावशींचं.

"माझं वाकडं?" मावशी म्हणाल्या. "बारा वर्षं चालवलंय मी त्याला. एकदा चेन उतरली नाही."

"वय झालं की वाकतं, बाई," बोराडेकाका म्हणाले. "माझंच बघा."

"तुमचं जन्मापासून वाकडंय. तुमच्याविषयी कुणी ठराव करत नाही."

हशा झाला, पण मावशी हसल्या नाहीत. आप्पांनी मत घ्यायला सांगितलं. आप्पांचा हात वर, बोराडेकाकांचा वर. आणि माझाही. मावशींनी माझ्याकडं बघितलं. मला अजून तो क्षण लिहावासा वाटत नाही, म्हणून लिहिते आहे: मला खात्री नव्हती, मी काहीही तपासलं नव्हतं, मला फक्त सोमवार जवळ येताना दिसत होता आणि कुणाला तरी दोषी ठरवलं की आपण पुढं सरकलो असं वाटतं, म्हणून मी हात वर केला. मावशी उठल्या, चपला घातल्या आणि चहा न घेता गेल्या. आईनं त्यांचा कप तसाच आत नेला. मी वहीत लिहिलं: तीन विरुद्ध एक. आई तटस्थ.

मंगळवारी मी चेनव्हील उतरवलं, पिशवीत घातलं आणि रशीदचाचांकडं गेले. जालना रोडवरून जीप शहरात शिरेपर्यंत त्या पिशवीचं वजन मांडीवर होतं. चाचांचं दुकान म्हणजे एका बंद दुकानाच्या पायऱ्या, वर ताडपत्री, कडेला पंक्चर बघायची पाण्याची टाकी. बारीक अंगाचे म्हातारे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी सगळं सांगितलं, ठरावासकट. त्यांनी चेनव्हील घेतलं, शेजारच्या फोटोफ्रेमवाल्याच्या काचेवर आडवं ठेवलं आणि बोटानं गोल फिरवत गेले. काच आणि लोखंड यांच्यात कुठंच फट नव्हती.

"चक्का एकदम सीधा है," ते म्हणाले. "कायकू बदनाम करते बिचारे कू? तुम्हारे मीटिंग में नापा किसने?"

"नापा नहीं, चाचा. वोट लिया."

चाचांनी चष्मा वर केला. "वोट लिया! ओ फोटोवाले, सुनो, ये लोगां चक्के का वोट लेतें!" फोटोवाला हसला, टाकीत ट्यूब बुडवणारं एक गिऱ्हाईकही हसलं, आणि माझे कान तापले. मग त्यांनी मला पायरीवर बसवलं. "देख बेटा. चेन कू अकल नै रहती. उसको आगे का दाता और पीछे का दाता एक लाइन में होना. बस. लाइन में नै रहा तो वो चिल्लाती. वो कर्र-कर्र कू तू क्या समझी? वो बोल री थी तुझसे."

मागचं चाक गिअरच्या सायकलचं आहे म्हटल्यावर त्यांना लगेच कळलं. सात चकत्यांची जागा जिथं होती तिथं आता एकच चकती. ती आत, चाकाच्या मधल्या हबला चिकटून बसणार, आणि पुढचं चेनव्हील बाहेर. म्हणजे चेन तिरकी. उपाय सरळ होता. मागच्या अ‍ॅक्सलवर उजवीकडं जे जाड वायसर आहेत ते काढून डावीकडं घालायचे. चाक उजवीकडं सरकेल, चकती बाहेर येईल. मग चाकाच्या एका बाजूच्या तारा कसायच्या, दुसरीकडच्या सैल करायच्या आणि रिम परत मध्यावर आणायची. "अंदाजे नक्को," त्यांनी दोनदा बजावलं. "पट्टी लगा. हर बार पट्टी."

तारा कसायला मला दोन दिवस लागले. त्यासाठी एक छोटा गोल पाना असतो, तो चाचांनी दिला होता. सायकल उलटी, हँडलवर उभी. चाक फिरवायचं, फ्रेमला खडू टेकवायचा, जिथं रिम खडूला लागेल तिथल्या तारेला पाव आटा. एक तार कसली की समोरची बोंबलते. पहिल्या दिवशी मी रिमचं अंडं करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी समजायला लागलं की घाई केलेली प्रत्येक तार दोन तारांचं काम वाढवते. शेवटी कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजलं: रिम आणि फ्रेमचा, चाक धरणारा मागचा चिमटा, दोन्ही बाजूंनी अगदी सारखं अंतर. माझ्या हातानं झालेलं ते पहिलं अचूक काम. शुक्रवारी सकाळी मी चढावर गेले. कर्र आवाज कमी झाला होता. अर्धा चढ गेला. पाऊण गेला. खट.

मी तिथंच दगडावर बसले. रडले नाही, पण सायकलला लाथ घातली, आणि लाथ घातल्यावर पाय धरून मात्र थोडं रडले. आई शेळ्या घेऊन तलावाच्या भिंतीवर आलेली मला दिसली नव्हती. ती खाली उतरली, शेजारी बसली. मग म्हणाली, "समे, चाक बघितलंस?"

"बघितलं."

"चेन? ती मंगलबाईची चकती?"

"सगळं बघितलं, आई. जिथं उतरते तिथलं सगळं बघितलं."

"व्हय, तेच म्हणते मी." तिनं काठीनं एका करड्या शेळीकडं दाखवलं. "ती मागल्या साली लंगडत हुती. तुझा बाप रोज तिचं खूर बघायचा. काटा नाय, जखम नाय, नुसतं पाणी मारून खूर धुवायचा. म्या तिच्या खांद्याला हात लावला तर ती वरडली. खांदा दुखत हुता. पाऊल टाकताना दिसायचं, पण व्हतं वर." ती उठली आणि लुगडं झटकलं. "आता तुझ्या सायकलीला खांदा कुठं असतो ते मला नाय माहीत."

मला माहीत होतं. सगळे भाग ज्याला धरून बसवले होते, ज्याच्यापासून मी पट्टी लावून मोजलं होतं, ते एकच मोजलेलं नव्हतं. मी घरी जाऊन चाकं काढली. गठ्ठे बांधायची सुतळी घेतली. ती मागच्या चिमट्याच्या एका टोकाला बांधली, पुढं हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून आणली. फ्रेम सरळ असेल तर सीटखालची नळी दोन्ही बाजूंच्या सुतळीपासून सारख्या अंतरावर असते. मी पट्टी लावली. डावीकडं सत्तावीस मिलिमीटर. उजवीकडं एकोणीस. सुतळी सोडून पुन्हा बांधली. सत्तावीस आणि एकोणीस.

आप्पांची फ्रेम वाकडी होती. मागचा अख्खा चिमटा डावीकडं झुकला होता आणि मी दोन दिवस खपून एका वाकड्या गोष्टीच्या बरोब्बर मध्यावर चाक बसवलं होतं.

मग मला आणखी एक गोष्ट कळली, आणि तिनं मला जास्त हादरवलं. आम्ही चेनवर संशय घेतला, चाकावर घेतला, मंगलमावशींना तर उठून जायला लावलं. ज्या घरात मालकाला, सरकारला, देवाला, सगळ्यांना प्रश्न विचारायला शिकवलं जायचं, तिथं आप्पांची फ्रेम तपासावी हे कुणाच्या मनातही आलं नाही. आप्पांशिवाय ती सायकल कुणाला चालवता येत नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तो सायकलचा दोष होता. आम्ही तो आप्पांचा मोठेपणा समजत होतो.

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी तो सोमवार. मी आदल्या संध्याकाळीच मंगलमावशींच्या दारात जाऊन या म्हटलं होतं. त्या आल्या. मी अंगणात फ्रेम ठेवली, सुतळी ताणली आणि बोलले. फ्रेमच वाकडी आहे, असं जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं.

आप्पा शांतपणे म्हणाले, "त्या फ्रेमवर मी पंधरा वर्षं पत्रकं वाहिलीत."

"हो."

"कधी चेन उतरली नाही."

"तेव्हा तिच्यावर तिचेच भाग होते, आप्पा. सगळे एकत्रच झिजले, एकत्रच वाकले. आता वेगळे आहेत."

"दोन दिवस पाना हातात धरला आणि तू मला सायकल शिकवते?" आप्पांचा आवाज चढला. "बोराडे, मत घ्या. फ्रेममध्ये दोष आहे असं कुणाला वाटतं?"

बोराडेकाकांनी पहिल्यांदाच विनोद केला नाही. ते जमिनीकडं बघत राहिले. मंगलमावशींनी हात वर केला नाही. म्हणाल्या, "मी हात वर करणार नाही. मागच्या वेळी तुम्ही माझ्याविरुद्ध तेच केलं. वाटण्याचा काय संबंध? पट्टी आहे ना तिथं?"

"मग ठराव होत नाही," आप्पा म्हणाले. "समता, लिही."

तेवढ्यात आई चुलीपुढून उठून अंगणात आली. हात पिठाचे. "लिहू नको. माझं तटस्थ तर अजिबात लिहू नको आज," ती म्हणाली. "मला पोरीला गंगापूरला धाडायचीय, ठाऊक हाय ना सगळ्यांला? मला तर ही सायकल मोडलेलीच बरी. पण पोरगी खरं बोलती. तुम्ही सवता मोजा, धनी. मी सुतळी धरते."

तिनं खरंच खाली बसून सुतळीचं टोक पिठाच्या हातानं धरलं. आता आप्पांना उठावंच लागलं. त्यांनी पट्टी घेतली, डोळे बारीक केले, डावीकडं लावली, उजवीकडं लावली. पुन्हा डावीकडं. माझ्या आयुष्यात मी त्यांना भाषणाशिवाय इतका वेळ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मग त्यांनी डावा पंजा पुढं करून बघितला, हँडल धरल्यासारखा.

"ती ओढायची एका अंगाला," ते म्हणाले. "मी हा हात दाबून धरायचो. मला वाटायचं, सगळ्याच सायकली ओढतात."

त्यांनी पट्टी मावशींच्या हातात दिली. मग म्हणाले, "सरळ करता येईल का?"

येते. जुनं लोखंड आहे, ऐकतं. रिकाम्या चिमट्यात एक जुनी अ‍ॅक्सल आवळून बसवली, म्हणजे दोन्ही बाहू एकत्रच हलतील. फ्रेम आडवी केली, डावी बाजू वर. मध्याखाली लाकडाचा ठोकळा. पुढच्या नळीवर आप्पा आणि बोराडेकाका उभे राहिले, आणि मागच्या टोकावर मी दोन्ही हातांनी भार टाकला. काही झालं नाही; लोखंड वाकतं आणि सोडलं की परत जागेवर येतं. पुन्हा, जास्त. मोजलं: सव्वीस, वीस. पाय देऊन दाबलं. पंचवीस, एकवीस. "अजून जोरात!" बोराडेकाका ओरडले, मी उडी मारली, आणि बावीस-चोवीस झालं, म्हणजे दुसऱ्या बाजूला गेलं. फ्रेम उलटी करून परत आणावं लागलं. आई दर वेळी सुतळी धरायची, मंगलमावशी आकडा वाचायच्या, आप्पा नळीवरून उतरायचे आणि पुन्हा चढायचे. ऊन डोक्यावर आलं. आमटी चुलीवर आटून गेली. शेवटी मावशींनी पट्टी लावली, चष्मा पुसला, पुन्हा लावली आणि म्हणाल्या, "तेवीस. आणि तेवीस."

सोमवारी तांबडं फुटल्यावर मी निघाले. आई दारात होती. चढ आला तेव्हा मी सीटवरून उठले आणि दोन्ही पायांनी भार दिला. मी आवाजाची वाट बघत होते, आणि आवाज आलाच नाही. फक्त टायरखालचे खडे आणि माझा श्वास. माथ्यावर पोचल्यावर मी थांबून चेनकडं बघितलं. ती पुढच्या दात्यापासून मागच्या दात्यापर्यंत एका रेषेत, तेल लावून गप्प बसली होती. सात वीसला मी प्रयोगशाळेच्या दारात होते. सरांनी हजेरीपुस्तक उघडलं आणि माझं नाव घेतलं. मी "हजर" म्हणाले, जरा जास्तच जोरात, त्यामुळं सगळा वर्ग वळून बघायला लागला.

गंगापूरला मी पुढं गेले, उन्हाळ्याच्या सुट्टीत, पाहुणी म्हणून. मंगलमावशींची माफी मी त्याच आठवड्यात मागितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "तोंडी नको. वहीत लिही." मी लिहिली, आप्पांनी तिच्याखाली सही केली, आणि त्याखाली त्यांच्या हातानं एक ओळ आहे: कुठं जायचं यावर मत घ्यावं, काय वाकडं आहे ते मोजावं. आप्पांनी लिहिलेल्या शेकडो पत्रकांमधली एकही ओळ मला इतकी पटलेली नाही. आता मीही पत्रकं लिहिते, शहरात राहते, बैठकांमध्ये बोलते. आमच्यातलंही एखादं नाव असं असतं की ज्याला पट्टी लावायची नसते. मी लावते. ते सगळ्यांना आवडत नाही. चालतं.

मला तुम्हाला एक काम सांगायचं आहे. तुमच्या घरामागं, जिन्याखाली, गोठ्याच्या भिंतीला एखादी मेलेली सायकल टांगलेली असेल. आणि तुमच्या गल्लीत किंवा वस्तीवर एखादी मुलगी असेल, जिचं शाळा-कॉलेज फक्त अंतरामुळं सुटायला आलं आहे. या रविवारी ती सायकल खाली काढा आणि त्या मुलीला बोलवा. दुरुस्त करून देऊ नका. पाना तिच्या हातात द्या, आणि ती पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली, तरी तो परत मागू नका.